बोट आज निघणार नाही

आम्ही वडलांना दादा म्हणतो. दादांनी नोकरीभर एसटी चालवली. बिलोली, देगलूर, नांदेड, कधी अहमदपूर, कधी लातूर, आणि परत बिलोली. त्यांच्या गाडीत बसून लोक लग्नाला गेले, दवाखान्यात गेले, परीक्षांना गेले, पण दादा स्वतः कुठे फिरायला गेल्याचं मला आठवत नाही. आई वारली तेव्हा भाऊ म्हणाला, गावीच राहा. मी म्हणाले, लातूरला चला. मी तिथं शाळेत शिकवते, एकटीच राहते. दादा माझ्याकडे आले आणि आल्यापासून नुसते बसून राहिले.

ते महिने फार वाईट गेले. मी शाळेतून घरी यायची तेव्हा सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच असायचं. "का जेवले न्हाई?" म्हटलं की उत्तर एकच, "भूक न्हाई माय." रागही नाही, तक्रारही नाही. आई गेल्यावर त्यांच्यातलं काहीतरी बंदच पडलं होतं. त्यांचं मन रमावं म्हणून मी एक मोबाइल घेऊन दिला. त्यात ते दिवसभर लोकांच्या प्रवासाचे व्हिडिओ बघत बसायचे. आवाज मोठा ठेवून, कारण एसटीच्या इंजिनाने त्यांचा डावा कान केव्हाच खाल्ला होता.

एकदा मी स्वयंपाक करत असताना त्यांनी हाक मारली.

"माय, इकडं ये. हे बघ. हे नवराबायको अंदमानात गेले. एवढुसं बेट हाय. पावसाचे दिवस हायत म्हणून खोली अर्ध्या पैशात भेटली. स्वतःच भात शिजवून खाऊन राहिले. आपल्याला काय धाड भरली? जाऊ की आपण बी."

आई गेल्यापासून इतकं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. म्हणाले, "जाऊ."

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती, तेव्हाच गेलो. त्या दिवसांत तिकडे पाऊस सुरू झालेला असतो, गर्दी ओसरते, सगळं स्वस्त होतं. नांदेडहून रात्रीच्या गाडीने हैदराबाद आणि तिथून मिळेल त्या स्वस्तातल्या विमानाने पोर्ट ब्लेअर. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तांदूळ, मूगडाळ आणि एक छोटा कुकर. विमानतळावरच्या तपासणीत कुकर बाहेर काढायला लावला, तर दादा त्या शिपायाला म्हणाले, "अरे भाई, खिचडी का है, बम का नहीं." तो हसला आणि दादाही हसले. तेव्हा वाटलं, बरं केलं आपण आलो ते.

पोर्ट ब्लेअरहून सरकारी बोटीने आम्ही त्या बेटावर उतरलो. त्याचं नाव लिहीत नाही. सायकलवर निघालं तर एका दमात या टोकाहून त्या टोकाला जाता येईल एवढंच ते. एका बंगाली विधवा बाईंच्या घरामागे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, त्यातली एक आम्ही घेतली. दाराशीच केळीची बाग. दादांनी एक घड हाताने उचलून बघितला आणि बाईंना सांगून टाकलं की आमच्या अर्धापूरच्या केळीसमोर हे काहीच नाही. बाईंना अर्धापूर काय ते कळलं नाही, पण त्या दादांना हसून चहा देऊ लागल्या. दादा त्यांना 'दीदी' म्हणू लागले.

पहिल्या दिवशी ऊन होतं. दादा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले. ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि थुंकले. "खरंच खारट हाय की!" असं ओरडून माझ्याकडे बघत ते हसले. वयाच्या सत्तरीला आलेल्या माणसाला ही बातमी माहीत नव्हती असं नाही, पण त्यांनी ती स्वतः तपासून घेतली. संध्याकाळी परतताना पावसाने आम्हाला गाठलं. ते चिंब भिजले. रात्री शिंका सुरू झाल्या. त्यांच्याकडे लातूरच्या औषधाच्या दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळ्या होत्या. त्या ते सकाळ-संध्याकाळ घेऊ लागले.

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि बोटी बंद झाल्या. बाई म्हणाल्या, पावसाळ्यात असं होतं, एक-दोन दिवसांत निघेल. आम्ही खिचडी शिजवली, पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसलो. तोपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या सकाळी दादांनी चहा घेतला नाही.

ते खाटेच्या कडेला वाकून बसले होते. उठायचे, मागच्या अंगाला असलेल्या मोरीकडे जायचे, बराच वेळ लावायचे, परत येऊन तसेच बसायचे. मला वाटलं पोट बिघडलंय.

"जुलाब होऊन राहिले का, दादा?"

"न्हाई."

"मग?"

"काई न्हाई म्हनलं ना."

त्यांच्या कपाळावर घाम होता आणि बाहेर गार वारा वाहत होता. थोड्या वेळाने ते अंगणात गेले, केळीच्या बुंध्याला धरून उभे राहिले, मग दोन पावलं टाकून पुन्हा धरून उभे. घरमालकीणबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हारे पिताजी का पेशाब बंद है. मेरे आदमी को भी ऐसा हुआ था. ऐसे ही चलता था."

मी दादांजवळ गेले. कसं विचारावं कळेना. बापलेकीत हे शब्द कधी आले नव्हते.

"दादा, लघवी होईना का?"

त्यांनी तोंड फिरवलं.

"कधीपासून?"

मग केळीकडे बघतच म्हणाले, "काल सांजपासून. गाडीवर असताना लई येळ धरून ठेवायचो मी. सवय हाय. वाटलं व्हईल."

"मला सांगायचं ना!"

"तुला काय सांगू माय."

मी त्यांच्या सदऱ्यावरून ओटीपोटाला हात लावला. भरलेल्या पखालीसारखं ते ताठ झालं होतं. नुसत्या बोटाने ते कळवळले.

बाईंनी कुठून तरी रिक्षा आणली. रस्ता खराब नव्हता, पण प्रत्येक खड्ड्याला दादा दोन्ही हातांनी समोरचा लोखंडी दांडा धरायचे आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून खांद्यावरची दस्ती दातात धरायचे.

बेटावरचा दवाखाना म्हणजे एक बसकी इमारत, चार खाटा आणि एक नर्स. डॉक्टर कामासाठी मोठ्या बेटावर गेले होते आणि बोटी बंद झाल्याने आमच्यासारखेच, पण उलट्या बाजूला, अडकले होते. नर्स वयाने लहान होती, पण तिने घाबरल्याचं दाखवलं नाही. दादांना विचारलं, कुठली औषधं घेता? दादांनी खिशातून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी काढली. ती तिने बघितली आणि मान हलवली. म्हणाली, या वयात पुरुषांची प्रोस्टेटची गाठ वाढलेली असते, त्यात ही गोळी लघवी अडवते. नळी घालावी लागेल.

पडदा ओढला गेला. मी बाहेर उभी राहिले. आतून तिचा आवाज येत होता, "अंकल, ढीला छोड़िए, ढीला." आणि मग दादा ओरडले.

मी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. एकदा डेपोत जॅक निसटून चाक त्यांच्या पायावर आलं होतं, तेव्हाही ते फक्त "आई गं" म्हणाले होते असं आई सांगायची. हे ओरडणं माणसाचं वाटत नव्हतं. नर्स बाहेर आली तेव्हा तिच्या हातमोज्यांना रक्त होतं.

"रास्ता नहीं मिल रहा," ती म्हणाली. "और ज़ोर लगाऊँगी तो अंदर फट जाएगा."

तिने डॉक्टरांना फोन लावला. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच तेवढं नेटवर्क यायचं आणि तेही तुटायचं. डॉक्टर म्हणाले, वेदना कमी करायचं इंजेक्शन द्या, बळजबरी करू नका, इकडे मोठ्या दवाखान्यात पाठवा. ती म्हणाली, कसं पाठवू? त्यांनी हेलिकॉप्टरसाठी विचारतो म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. एवढ्या ढगांत हेलिकॉप्टर उडणार नाही.

मी धक्क्याकडे धावले. चप्पल वाळूत निघाली ती तशीच राहिली. तिकिटाच्या खिडकीत एक माणूस वर्तमानपत्र वाचत होता.

"आज बोट नहीं जाएगा," माझ्याकडे न बघताच तो म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. बाप मरतोय म्हणाले. हात जोडले. माझी हिंदी अशी वेळ आली की आपोआप नांदेडची होते. तो कितपत समजला कोण जाणे, पण उठून बाहेर आला. मला धक्क्याच्या टोकापर्यंत घेऊन गेला. लाटा खांबांवर आदळून आमच्या डोक्यावरून जात होत्या. ज्या पाण्यात दादा हसत उभे राहिले होते ते हेच, हे मला पटेना. तो म्हणाला, "इसमें भेजूँ? आप ही बोलो." तो माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं.

पलीकडे ताडपत्रीखाली कोळी बसले होते. त्यांच्या इंजिनाच्या होड्या वर वाळूत ओढून ठेवलेल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बोलता बोलता कानातली फुलं काढली. ती आईची होती, तिच्या मागे माझ्याकडे आलेली. तळहातावर ठेवून मी हात पुढे केला. म्हणाले, हे घ्या, पण माझ्या बापाला पलीकडे न्या. कोणीच हललं नाही. मग त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा उठला, माझी बोटं त्या फुलांवर मिटवली आणि म्हणाला, "दीदी, बाप को समंदर में मारेगी?"

परत येताना मला रस्ता दिसत नव्हता. लातूरला एकाच रस्त्यावर दोन्ही बाजूंनी दवाखानेच दवाखाने आहेत. घरून निघालं तर रिक्षा दहा ठिकाणी थांबू शकते. तिथं असताना हे झालं असतं तर दुपारच्या जेवणाला दादा घरी असते. इतक्या दूर, कमी पैशात, सुख बघायला आलो आणि असं मरण. गावात लोक काय म्हणतील, भावाला काय सांगू, इथून मेलेलं माणूस तरी कसं नेतात? असले विचार येत होते. येऊ नयेत ते सगळे.

दादा खाटेच्या कडा धरून पडले होते. ओठ कोरडे. इंजेक्शनने काही फरक पडला नव्हता. मला बघून म्हणाले, "आली का बोट?"

"येईल, दादा."

"माय, मला मारून टाक. न्हाई सोसवत."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि मला रडू आलं. त्यांच्यासमोर रडायचं नाही हे ठरवलं होतं, ते राहिलं नाही.

नर्सने पुन्हा डॉक्टरांना गाठलं. या वेळी बोलणं नीट झालं. बधिर करणारं औषध भरपूर घाला, जरा वेळ थांबा, वेगळ्या मापाची नळी घ्या, एकदा परत करून बघा. तेही झालं नाही तर पोटातून सुई घालून पाणी काढावं लागेल. ते तिने दुसऱ्याला करताना पाहिलं होतं, स्वतः केलं नव्हतं. हे तिने मला सरळ सांगितलं. मग म्हणाली, "इनको पकड़ना पड़ेगा. हिलेंगे तो नहीं होगा. आप और आंटी आ जाइए."

आंटी म्हणजे घरमालकीणबाई. त्या सकाळपासून तिथंच होत्या. दवाखान्यात दुसरं कोणी पुरुषमाणूस नव्हतं.

मी पडद्याच्या आत गेले तसे दादा उठायला लागले.

"तू भाईर जा."

"दादा, धरावं लागतंय—"

"तू भाईर जा म्हनलं ना! बापाचं असं बघतेत का कोणी?"

एवढ्या वेदनेतही त्यांचा आवाज डेपोतल्यासारखा चढला. मी बाहेर गेले. नर्सने मला परत बोलावलं. म्हणाली, मला एकटीला जमणार नाही. मी पुन्हा आत गेले आणि त्यांच्या उशापाशी उभी राहिले. म्हणाले, "दादा, मी तुमच्या तोंडाकडंच बघते. खाली बघत न्हाई. आईची आण."

त्यांनी दस्ती उचलली आणि स्वतःच्या डोळ्यांवर ओढून घेतली. मी दोन्ही खांदे धरले, बाईंनी गुडघे धरले. नर्स हिंदीत सांगत होती, लंबी साँस लो, पण त्यांच्या डाव्या बाजूने, त्यांना ऐकू जात नव्हतं. मी उजव्या कानाशी वाकले. नुसतं "श्वास घ्या" म्हणून ते घेत नव्हते, अंग दगडासारखं आवळून धरलं होतं. काय बोलावं मला सुचेना. जे सुचलं ते बोलले.

"दादा, बिलोलीहून गाडी सुटली. नांदेडला निघाली. पुढं कोणतं गाव?"

त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"सांगा ना. पॅसेंजर विचारून राहिला."

"नरसी," ते म्हणाले.

"मग?"

"नायगाव. नायगावला... चहा."

"चहा झाला. पुढं?"

"कृष्णू—" आणि ते पुन्हा ओरडले, माझ्या मनगटात त्यांची नखं रुतली, आणि पलीकडून नर्स म्हणाली, "गया. गया अंदर."

मी कबूल केल्याप्रमाणे खाली बघितलं नाही. पण आवाज ऐकला. नळीतून पिशवीत पडणाऱ्या धारेचा. बराच वेळ तो थांबला नाही. दादांचे खांदे माझ्या हातात हळूहळू सैल पडले. दस्ती ओली झाली होती. नर्स स्टुलावर बसली आणि बाहीने कपाळ पुसत राहिली.

मला वाटलं संपलं. पण संपलं नव्हतं.

बोटी त्यानंतरही निघाल्या नाहीत. दादांना खोलीवर आणलं. पिशवी खाटेला टांगलेली, त्यात लघवी लालसर. ती भरली की मला मोरीत नेऊन ओतावी लागायची. तेवढा वेळ ते पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून पडायचे. बाईंनी पाठवलेली पेज घ्यायचे नाहीत. मग माझ्या लक्षात आलं की ते पाणीच पीत नाहीत. पिशवी भरू नये म्हणून, मला ती उचलावी लागू नये म्हणून.

"पाणी प्या दादा, नर्सनं सांगितलंय."

"तहान न्हाई."

मग ताप चढला. नर्स पावसात सायकलवर येऊन इंजेक्शन द्यायची आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणायची, "बोट खुल जाए बस." मी रोज उजाडलं की धक्क्यावर जायची. खिडकीतला माणूस मला लांबूनच बघून मान हलवायचा. तापात दादा आईला हाका मारायचे. तिला सांगायचे, घरी जाऊ, लई झालं. एका दुपारी ते इतके गप्प पडून होते की मी त्यांच्या नाकाशी हात धरून बसले.

शेवटी बोट निघाली. पिशवी एका कापडी झोळीत ठेवून वरून टॉवेल झाकला आणि आम्ही निघालो. बाईंनी खोलीचं भाडं घेतलं नाही. पोर्ट ब्लेअरच्या दवाखान्यात ताप उतरवला, नळी तशीच ठेवून घरी जाऊन ऑपरेशन करा म्हणाले. परतीच्या सगळ्या प्रवासात दादा माझ्याशी कामापुरतं बोलले. नांदेडच्या स्टेशनवर भाऊ घ्यायला आला होता. त्याला बघताच त्यांनी झोळी माझ्या हातातून काढून त्याच्या हातात दिली.

नांदेडलाच ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता. नळी निघाली. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. मी लातूरला परत न्यायला गेले तर दादा भावाकडे बघून म्हणाले, "तिला सांग, मी गावातच राहतो. तिकडं जिने चढवत न्हाईत." माझं घर तळमजल्यावर आहे. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, बरं.

तेव्हापासून ते गावी आहेत. तब्येत ठीक आहे, जेवतात, विहारात जाऊन बसतात. मी फोन केला की भाऊ उचलतो, मागून त्यांचा आवाज येतो, "बरा हाय म्हन." सुट्टीत मी जाते तेव्हा ते बाहेर जायला निघतात. मी त्यांना वाचवलं असं भाऊ म्हणतो. मला तसं वाटत नाही. त्या पडद्यामागे त्यांची लेक त्यांच्याजवळ होती, हेच त्यांना पेलत नाही, आणि ते मला काही करून परत घेता येत नाही.

मागच्या वेळी गेले होते तेव्हा संध्याकाळी भावजयीबरोबर विहारावरून चालले होते. ओट्यावर चार-पाच म्हातारी माणसं बसली होती आणि दादा बोलत होते. मोठ्याने, हातवारे करत. समुद्र कसा निळा असतो, पाण्यातले मासे वरून कसे दिसतात, नारळ कसे पडून सडतात. मी थांबले. कोणीतरी मला बघून जयभीम घातला आणि म्हणालं, "हीच लेक होती ना संगं?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. किती तरी महिन्यांनी सरळ डोळ्यांत.

"हाव. हिनंच नेलं मला."

"आन् तिथं अडकले होते म्हनं तुम्ही? बोट बंद पडली म्हनं?"

"अडकलो म्हंजे काय," दादा म्हणाले, अजून माझ्याकडेच बघत. "मज्जा झाली. रोज मासे खाल्ले. न्हाई का गं?"

त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. नर्सलाही त्यांनी अशी केली नव्हती.

"हाव," मी म्हणाले. "लई मासे खाल्ले."

त्यांनी मान वळवली आणि पुढचं सांगायला लागले. आम्ही घरी आलो. मी पीठ मळलं, भाकरी थापल्या. अंधार पडल्यावर दादा जेवायला आले, चुलीशी मी बसले होते, पण ताट त्यांनी भावजयीकडे मागितलं.